मजकूर आणि हुकूम

[साध्या खुणांनी लिहिलेला मजकूर संगणक वेबपानाच्या भाषेत कसा उतरवतो आणि ते काम करताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे या पाठात सोप्या उदाहरणांनी सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, 'मजकूर' आणि 'हुकूम' हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. दोन्ही अरबीतून आले आणि उर्दूप्रमाणे मराठीतही रुळले. उर्दूत 'मजकूर' म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे तो. मराठीत मात्र कागदावर जे काही लिहिलेले असते, त्या सगळ्याला मजकूर म्हणतात. 'हुकूम' म्हणजे आज्ञा. हा अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे.

मजकूर वाचायचा असतो. हुकूम पाळायचा असतो. माणसाला हा फरक सहज कळतो. फळ्यावर व्याकरणाचे उदाहरण म्हणून 'उभे राहा' असे लिहिले, तर वर्गातले कोणी उभे राहत नाही. तेच शब्द गुरुजींनी तोंडाने उच्चारले, तर सारा वर्ग उभा राहतो. संगणकाला मात्र हा फरक आपोआप कळत नाही. तो आपणच त्याला नीट समजावून द्यावा लागतो. तो समजावला नाही तर काय होते, हे आता आपण पाहू.

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवत. लेखक हाताने लिहिलेला कागद पाठवी. संपादक त्यावर खुणा करी. एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ असली, की खिळे जुळवणारा कामगार तो शब्द ठळक टाइपात घेई. पण ती रेघ काही तो छापत नसे. शब्द हा मजकूर होता, तो छापायचा. रेघ हा हुकूम होता, तो पाळायचा. उर्दू वृत्तपत्रांत कातिबही असेच करी. मथळा मोठ्या कलमाने लिही आणि बातमी बारीक कलमाने.

वेबपानाचेही तसेच आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत असताना वेबची कल्पना मांडली. पुढे त्यानेच वेबपाने लिहिण्यासाठी एचटीएमएल ही भाषा तयार केली. या भाषेत मजकुराच्या आधी आणि नंतर टोकदार कंसांत हुकूम लिहितात. अशा हुकमाला 'टॅग' म्हणतात. उदाहरणार्थ :

<बी>ज्वारी</बी>

येथे 'ज्वारी' हा मजकूर आहे. पहिला टॅग सांगतो, 'येथून ठळक अक्षर सुरू कर.' तिरपी रेघ असलेला दुसरा टॅग सांगतो, 'येथे थांब.' पान दाखवणाऱ्या कार्यक्रमाला ब्राउझर म्हणतात. तो टॅग वाचतो, पाळतो आणि वाचकाला फक्त ठळक अक्षरांतला 'ज्वारी' हा शब्द दाखवतो. (खरे टॅग रोमन लिपीत लिहितात. या पाठात ते देवनागरीत दाखवले आहेत.)

प्रत्येक शब्दाला असे टॅग लावत बसणे फार कंटाळवाणे काम आहे. एक कंस सुटला, तरी पान बिघडू शकते. म्हणून सोप्या खुणा निघाल्या. २००४ साली जॉन ग्रुबर याने ॲरन स्वार्ट्झ याच्या मदतीने 'मार्कडाउन' नावाची खुणांची पद्धत तयार केली. तिच्यात शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे लावले, की तो ठळक होतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात आणि जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या उर्दू विकिपीडियात हेच काम तीन अवतरणचिन्हांनी होते. तुम्ही व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा लावून तो ठळक केला असेल. ही सोय २०१६ साली आली. पद्धती निरनिराळ्या असल्या तरी हेतू एकच : लिहिणाऱ्याने सोपी खूण करावी आणि अवघड टॅग संगणकाने लिहावेत.

आता एक नमुना पाहू. आपल्या जिल्ह्याची माहिती देणारे पान तुम्हाला तयार करायचे आहे. तुम्ही मार्कडाउन पद्धतीने असे लिहिले :

# परभणी जिल्हा
**गंगाखेड** हे गाव गोदावरीच्या काठी आहे.
- जिंतूर
- सेलू
- पूर्णा

पहिल्या ओळीतली जाळीसारखी खूण म्हणजे मथळा. दोन तारे म्हणजे ठळक शब्द. ओळीच्या आरंभी आडवी रेघ म्हणजे यादीतली एक नोंद. या खुणा वाचून टॅग लिहिणाऱ्या कार्यक्रमाला आपण 'परिवर्तक' म्हणू. तो वरच्या मजकुराचे असे रूपांतर करतो :

<एच१>परभणी जिल्हा</एच१>
<पी><स्ट्राँग>गंगाखेड</स्ट्राँग> हे गाव गोदावरीच्या काठी आहे.</पी>
<यूएल>
<एलआय>जिंतूर</एलआय>
<एलआय>सेलू</एलआय>
<एलआय>पूर्णा</एलआय>
</यूएल>

(मार्कडाउनच्या 'ठळक' या खुणेसाठी परिवर्तक बहुधा 'स्ट्राँग' हा टॅग वापरतो. त्याचा अर्थ 'हा शब्द महत्त्वाचा आहे.' ब्राउझर तो ठळकच दाखवतो.)

लिहिताना एक अडचण येते. कधी कधी तारा ही खूण नसते, तो मजकूरच असतो. समजा, तुम्ही धान्याच्या कोठीचे माप ६*४*३ असे लिहिले. परिवर्तकाला वाटते, मधला ४ दोन ताऱ्यांमध्ये आहे. तो तारे काढून टाकतो आणि ४ तिरप्या अक्षरात दाखवतो. वाचकाला दिसते ६४३! तीन मापांचा एक आकडा झाला. यावर उपाय असा की ताऱ्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यायची : ६\*४\*३. ती रेघ परिवर्तकाला सांगते, 'पुढचे चिन्ह हुकूम नाही, मजकूर आहे.'

ही झाली नकळत होणारी चूक. आता मुद्दाम केलेला खोडसाळपणा पाहू.

एचटीएमएलमध्ये 'स्क्रिप्ट' नावाचा एक टॅग आहे. त्याच्या आत लिहिलेले शब्द ब्राउझर दाखवत नाही, तर हुकूम म्हणून चालवतो. या हुकमांनी पानावरचे आकडे बदलता येतात, खोटा अर्ज दाखवता येतो आणि वाचकाच्या नावाने संदेशही पाठवता येतात. समजा, तुमच्या शाळेने निकालाचे पान तयार केले आणि त्याखाली विद्यार्थ्यांना अभिप्राय लिहिण्याची सोय ठेवली. एखाद्याने अभिप्राय म्हणून असे लिहिले :

<स्क्रिप्ट> सर्वांचे गुण बदलून दाखव </स्क्रिप्ट>

खरा हुकूम अर्थातच संगणकाच्या भाषेत लिहावा लागेल. पण परिवर्तकाने तो जसाच्या तसा पानावर उतरवला, तर ब्राउझरला तो शाळेचाच हुकूम वाटेल. हा मजकूर पाहुण्याने लिहिला आहे, हे ब्राउझरला कळण्याचा मार्गच नाही. मूळ मार्कडाउन पद्धतीत तर मजकुरात थेट टॅग लिहिण्याची मुभा मुद्दाम ठेवलेली आहे. लिहिणारा आपलाच विश्वासू माणूस असेल, तर ही मुभा सोयीची. कोणीही लिहू शकत असेल, तर तीच धोक्याची.

मग यावर उपाय काय? पटकन सुचणारे दोन उपाय आहेत. दोन्ही अपुरे आहेत. ते का, हे समजून घेऊ.

पहिला उपाय : टोकदार कंस आणि त्यांच्या आतले सगळे खोडून टाकावे. आपला जिल्हा शेतीचा. परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. भेंडीचा 'परभणी क्रांती' आणि ज्वारीचा 'परभणी शक्ती' हे वाण या विद्यापीठाच्या नावाशी जोडलेले आहेत. तेव्हा उदाहरणही धान्याचेच घेऊ. समजा, कोणी साठवणीचा सल्ला असा लिहिला :

ओलावा <१२ टक्के असेल तर धान्य साठवा. >१२ टक्के असेल तर धान्य वाळवा.

गणितात तुम्ही ही चिन्हे शिकला आहात. पहिले 'पेक्षा कमी', दुसरे 'पेक्षा जास्त'. खोडणाऱ्या कार्यक्रमाला मात्र हा एक लांबलचक टॅग वाटला. त्याने दोन कंसांमधले सगळे पुसले. पानावर उरले :

ओलावा १२ टक्के असेल तर धान्य वाळवा.

'साठवा' हा शब्दच नाहीसा झाला! अर्धा सल्ला बुडाला आणि उरलेला चुकीचा झाला. लिहिणाऱ्याचा काहीही दोष नव्हता. चोर पकडण्याच्या नादात कार्यक्रमाने भल्या माणसाचे सामान फेकून दिले.

दुसरा उपाय : वाईट शब्दांची यादी करावी आणि तेवढेच शब्द गाळावेत. हा उपायही फसतो. समजा, कार्यक्रम '<स्क्रिप्ट>' हा टॅग शोधून पुसतो. खोडकर माणूस असे लिहितो :

<स्क्रि<स्क्रिप्ट>प्ट>

आतला टॅग पुसला, की बाहेरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटतात आणि तोच टॅग पुन्हा तयार होतो. करून पाहा!

ही केवळ कल्पना नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या 'मायस्पेस' या संकेतस्थळावर असेच घडले. तेथे प्रत्येकाला स्वतःचे पान सजवता येत असे. धोक्याचे शब्द गाळण्याची व्यवस्थाही होती. पण सॅमी कामकार या १९ वर्षांच्या तरुणाने गाळला जाणारा एक शब्द मध्येच तोडून दोन ओळींत लिहिला. गाळणाऱ्या कार्यक्रमाला तो ओळखता आला नाही. काही ब्राउझरांनी मात्र तुकडे जोडून वाचले आणि हुकूम चालवला. जो कोणी त्याचे पान पाही, त्याच्या पानावर तो हुकूम स्वतःची नक्कल करी. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक पानांवर तो पसरला. मायस्पेसला आपले काम काही काळ बंद ठेवावे लागले. पुढे न्यायालयाने त्या तरुणाला दोषी ठरवले. आपल्या देशातही दुसऱ्याच्या संगणकाशी असा खेळ करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने गुन्हा आहे.

तर मग योग्य उपाय कोणता? तो साधा आहे : काहीही खोडू नका. हुकमासारखी दिसणारी चिन्हे अशा रूपात लिहा, की ब्राउझर ती फक्त दाखवील, पाळणार नाही. यासाठी एचटीएमएलमध्येच सोय आहे. '<' या चिन्हाऐवजी '&एलटी;' असे लिहिले, की ब्राउझर पानावर '<' हे चिन्ह दाखवतो, पण टॅग सुरू झाला असे मानत नाही. 'एलटी' ही 'पेक्षा कमी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. तसेच '>' साठी '&जीटी;', दुहेरी अवतरणचिन्हासाठी '&क्वॉट;' आणि खुद्द '&' या चिन्हासाठी '&एएमपी;' लिहितात. ही झाली चिन्हांची निरुपद्रवी रूपे. असे केल्यावर धान्याचा सल्ला अक्षर न गमावता पानावर येतो. खोडकराचा हुकूमही पानावर येतो, पण नुसती अक्षरे म्हणून. फळ्यावरच्या 'उभे राहा'सारखा!

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. सर्वांत आधी '&' हे चिन्ह बदलावे, मग बाकीची. आधी '<' बदलले, तर '&एलटी;' तयार होते. त्यानंतर '&' बदलायला गेलो, तर आपणच लिहिलेल्या '&एलटी;' मधला '&' बदलतो आणि '&एएमपी;एलटी;' असा घोटाळा होतो. वाचकाला कंसाऐवजी '&एलटी;' ही अक्षरे दिसतात.

चिन्हे निरुपद्रवी झाल्यावर मग तारे, जाळी, आडवी रेघ या खुणा ओळखाव्यात आणि त्यांचे टॅग लिहावेत. म्हणजे पानावरचा प्रत्येक टॅग परिवर्तकाने स्वतः लिहिलेला असतो, पाहुण्याचा एकही नसतो. मोठे परिवर्तक आधी खुणा ओळखून मजकुराचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा बाहेर लिहिताना चिन्हे बदलतात. रीत निराळी, पण नियम तोच : पाहुण्याचा शब्द मजकूर म्हणूनच बाहेर पडला पाहिजे.

काही ठिकाणी लिहिणाऱ्याला थोडे टॅग वापरू द्यावे लागतात. तेथे वाईट टॅगांची यादी न करता चांगल्या टॅगांची यादी करावी. लग्नाच्या मांडवात दारावर उभा असलेला माणूस नको असलेल्यांची यादी घेऊन बसत नाही. बोलावलेल्यांची यादी पाहतो. वाईटांची यादी कधीच पुरी होत नाही. बोलावलेल्यांची यादी मात्र आपल्या हातात असते. मराठी आणि उर्दू विकिपीडिया ज्या कार्यक्रमावर चालतात, तो मीडियाविकी हेच करतो. ठरावीक टॅग तो मान्य करतो आणि 'स्क्रिप्ट'सारखा टॅग कोणी लिहिला, तर तो साधा मजकूर म्हणून दाखवतो. ही तपासणी रूपांतर झाल्यानंतर करावी. आधी केली, तर रूपांतर होताना तयार झालेला धोका नजरेतून सुटतो.

दुव्यांचीही अशीच तपासणी लागते. दुवा म्हणजे ज्यावर बोट ठेवले की दुसरे पान उघडते तो शब्द. त्यामागे एक पत्ता असतो. बहुतेक पत्ते 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होतात. पण पत्त्याच्या जागी 'जावास्क्रिप्ट' असे लिहून पुढे हुकूम लिहिता येतो. त्यात एकही टोकदार कंस नसतो, म्हणून चिन्हे बदलून भागत नाही. पत्ता कोणत्या अक्षरांनी सुरू होतो हे पाहून ओळखीचे पत्तेच ठेवावेत. बाकीचे दुवे साधा मजकूर म्हणून दाखवावेत.

मित्रांनो, उर्दूत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तर टॅग डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत आले, की पडद्यावर कंस उलटे दिसतात आणि कोणता टॅग कोठे संपला हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून उर्दूत टॅगांपेक्षा साध्या खुणा अधिक सोयीच्या. लेखनाची दिशा बदलणारी काही अदृश्य चिन्हेही असतात. २०२१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी दाखवून दिले, की त्यांचा गैरवापर करून माणसाला एक आणि यंत्राला दुसरेच वाचायला लावता येते. मग सगळीच अदृश्य चिन्हे खोडावीत का? नाही. उर्दूला त्यांतील काहींची खरोखर गरज असते. मराठीतही 'वाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र काही कळफलकांवर अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने लिहितात. ते खोडले, तर शब्दच बिघडतो. म्हणून एचटीएमएलमध्ये 'बीडीआय' हा टॅग आहे. पाहुण्याचा मजकूर त्याच्या आत ठेवला, की त्याची दिशा त्याच्यापुरतीच राहते. शेजारच्या मजकुराला धक्का लागत नाही.

शेवटी एक सवय लावून घ्या. लिहिणाऱ्याने जे लिहिले, ते मूळ रूपात जपून ठेवा. रूपांतर त्याच्या नकलेवर करा. परिवर्तकात उद्या चूक सापडली, तर ती दुरुस्त करून मूळ मजकुरावरून पान पुन्हा तयार करता येते. मूळच बदलून ठेवले, तर गेलेला शब्द परत आणता येत नाही.

दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा वाचकापर्यंत पोचवणे हे परिवर्तकाचे कर्तव्य आहे. पण त्या शब्दाला आपल्या घरात हुकूम चालवू देणे हे त्याचे काम नाही. पाहुण्याचे म्हणणे आदराने ऐकावे. घराच्या किल्ल्या मात्र आपल्याजवळच ठेवाव्यात.

शब्दार्थ
नागमोडी – सापासारखी वळणावळणाची
परिवर्तक – एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलणारा
खोडसाळपणा – मुद्दाम त्रास देण्याचे वागणे
मुभा – मोकळीक, परवानगी
वाण – पिकाची जात
निरुपद्रवी – त्रास न देणारे
कळफलक – संगणकाची अक्षरे असलेली पाटी
नक्कल – मुळासारखीच दुसरी प्रत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टॅग कशाला म्हणतात?
(आ) मार्कडाउन पद्धत कोणत्या साली तयार झाली?
(इ) '<' या चिन्हाऐवजी काय लिहावे?

२. कारणे द्या.
(अ) ६*४*३ हे माप पानावर ६४३ असे दिसले.
(आ) '&' हे चिन्ह सर्वांत आधी बदलावे लागते.
(इ) वाईट टॅगांच्या यादीपेक्षा चांगल्या टॅगांची यादी करणे बरे.

३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) टोकदार कंसांमधले सगळे खोडल्यामुळे धान्याच्या सल्ल्याचे काय झाले?
(आ) २००५ साली मायस्पेसवर काय घडले?

४. भाषाभ्यास
मजकूर, हुकूम, कलम, नक्कल हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा उर्दूतला आणि मराठीतला अर्थ लिहा. कोणत्या शब्दाचा अर्थ बदलला आहे?

५. उपक्रम
आपल्या तालुक्याची माहिती दहा ओळींत लिहा. मथळा, ठळक शब्द आणि यादी यांसाठी साध्या खुणा वापरा. मग शेजारच्या विद्यार्थ्याने परिवर्तक व्हावे आणि तुमच्या मजकुराचे टॅग वहीत लिहून दाखवावेत.